कौलांसाठी घेतलेली लेन्स: कॅनन टीएस-ई २४, तिवंध्यापासून आंतिग्वाच्या गच्च्यांपर्यंत

जुन्या नाशकातील वाड्यांची मोजमापे घेऊन त्यांची नोंदचित्रे तयार करणे हे माझे काम आहे. या कामात छायाचित्र हौसेसाठी नसते, पुराव्यासाठी असते. वाडा पाडायचे ठरले की जोत्यापासून आढ्यापर्यंत सारे कागदावर उतरवून घ्यावे लागते, आणि फोटोत भिंत आतल्या बाजूला कललेली आली तर त्यावरून साध्या खिडकीची उंचीसुद्धा धड काढता येत नाही. या एका कारणासाठी मी कॅननची टीएस-ई २४ मिलिमीटर एफ/३.५ एल ही शिफ्ट लेन्स, तिची २००९ साली बाजारात आलेली दुसरी आवृत्ती, वापरलेल्या वस्तूंच्या बाजारातून विकत घेतली. त्यानंतर दीडेक वर्षाने, २०२४ च्या जानेवारीत, ह्यूस्टनला राहणाऱ्या मुलीकडे गेलो असताना तिच्याबरोबर ग्वाटेमालातील आंतिग्वा या स्पॅनिश वसाहतकालीन गावात आठवडाभर राहण्याचा योग आला. पुढील अभिप्राय या दोन गावांतील वापरावर आधारलेला आहे. ही लेन्स उंच इमारतींसाठी असते असे सर्वत्र सांगितले जाते आणि मीही तसेच समजून ती घेतली होती. तिचा खरा उपयोग वर उभे राहून खालची छपरे टिपताना होतो, हे मला आंतिग्वाच्या गच्चीवर कळले.

ज्यांनी अशी लेन्स हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. इमारतीचा माथा चौकटीत यावा म्हणून आपण कॅमेऱ्याचे तोंड वर करतो, तेव्हा सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. शिफ्ट लेन्समध्ये कॅमेरा ओळंब्यात ठेवायचा आणि भिंगांची सगळी नळीच वर, खाली किंवा बाजूला सरकवायची असते. साध्या लेन्सने फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, सेन्सरचा सुमारे ४३ मिलिमीटरचा कर्ण झाकला की तिचे काम भागते. ही लेन्स मात्र ६७ मिलिमीटरहून किंचित मोठे प्रतिमावर्तुळ पाडते, आणि त्या वर्तुळातील कोणता तुकडा सेन्सरवर घ्यायचा हे आपल्या हातात राहते. सरकण्याची मर्यादा मध्यापासून दोन्हीकडे १२ मिलिमीटर आणि कलण्याची, म्हणजे भिंगांची नळी सेन्सरशी तिरपी करण्याची, ८.५ अंश आहे. वजन ७८० ग्रॅम आहे, फिल्टर ८२ मिलिमीटरचा लागतो आणि फोकस हातानेच करावा लागतो. मी ती अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो, त्यामुळे पडद्यावर चित्र मोठे करून फोकस पाहता येतो आणि लेन्स सरकवल्यावरही प्रकाशमापन चुकत नाही. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर सरकवण्याआधीच प्रकाश मोजून ठेवावा लागत असे.

नाशकात तिचे काम नेहमी वरच्या दिशेने चालते. तिवंध्याच्या आसपासच्या बोळांत समोरच्या घराच्या ओट्याला पाठ टेकवून उभे राहिले तरी वाड्याची वळचण चौकटीत येत नाही. अशा जागी कॅमेरा पातळीत बसवून लेन्स ८-१० मिलिमीटर वर सरकवली की सज्जा, त्याखालचे कोरीव हस्त (आधाराचे तिरपे लाकूड) आणि वळचणीची फळी अशी सगळी मंडळी सरळ उभी राहतात. गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराचेही तसेच आहे. १७४७ च्या या देवळाच्या तटाच्या कोपऱ्यांवर छत्र्या आहेत, आणि घाटावरून कॅमेरा वर करून काढलेल्या प्रत्येक फोटोत त्या छत्र्या शिखराकडे झुकून काहीतरी कानगोष्ट करत असल्यासारख्या दिसतात. शिफ्ट लेन्सने त्या आपापल्या जागी ताठ राहतात. या कामात मला लेन्सबद्दल कधीच तक्रार नव्हती, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

आंतिग्वात पहिल्या दिवशी माझी निराशा झाली. १५४३ साली या जागी वसलेले हे शहर स्पॅनिश अमलाखालील मध्य अमेरिकेची दोनशेहून अधिक वर्षे राजधानी होते. २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले आणि १७७६ साली राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीच्या जागी हलवण्यात आली. तो भूकंप पहिला नव्हता आणि शेवटचाही नव्हता, म्हणून तिथल्या गवंड्यांनी उंचीचा नाद आधीच सोडून दिलेला होता. घरे बहुतेक एकमजली आहेत, भिंती हातभर जाड आहेत, चर्चचे मनोरे बुटके आणि खांब नाशकातल्या दगडी दीपमाळेच्या बुंध्यासारखे भरदार आहेत. १७६७ साली पूर्ण झालेले ला मर्सेद चर्च पिवळ्या भिंतींवरच्या पांढऱ्या चुनेगच्ची नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. तेही इतके ठेंगणे आहे, की रस्त्यापलीकडे चार पावले मागे सरकल्यावर ते साध्या लेन्समध्येही सरळ मावते. जोगिणींना रस्त्यावरच्या लोकांच्या नजरेस न पडता मठाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाता यावे म्हणून १६९४ साली बांधलेली सांता कातालिना कमान हे तिथले सर्वांत जास्त फोटो निघणारे ठिकाण. तिथेही मला लेन्स जेमतेम ३ मिलिमीटर वर न्यावी लागली. एवढे वजन एवढ्या लांबून कशासाठी वाहून आणले, असा प्रश्न मुलीने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या मुक्कामाच्या गच्चीवर मिळाले. आंतिग्वाच्या घरांना रस्त्याच्या बाजूने जवळजवळ कोऱ्या भिंती असतात, आपल्या वाड्यांप्रमाणेच सगळे आयुष्य आतल्या चौकाभोवती चालते, आणि त्यामुळे गावाचा खरा चेहरा म्हणजे त्याची छपरे आहेत. तांबूस कौलांच्या उतरत्या पट्ट्या, मधूनच स्वयंपाकघराच्या धुराड्यांवरचे छोटे घुमट, पडक्या चर्चच्या उघड्या कमानी आणि कपडे वाळत घालण्याच्या चिंचोळ्या गच्च्या असे ते दृश्य डोळ्याच्या पातळीपासून खाली पसरलेले असते. अशा ठिकाणी कॅमेरा पातळीत धरला की क्षितिज बरोबर चौकटीच्या मध्यातून जाते, निम्मी चौकट रिकाम्या आकाशाने भरते आणि कौले तळाशी दाटीवाटीने बसतात. कॅमेरा खाली वाकवला तर कौले येतात, पण मनोरे आणि भिंती खालच्या बाजूला निमुळत्या होऊन सगळे गाव बशीच्या काठावर मांडल्यासारखे बाहेर कलते.

इथे लेन्स खाली सरकवायची. हिशेब सोपा आहे आणि मला तो आधी सुचला नाही याची थोडी लाज वाटते. आडव्या चौकटीची उंची २४ मिलिमीटर असते, म्हणजे मध्यापासून वरच्या कडेपर्यंत १२ मिलिमीटर. लेन्स पूर्ण १२ मिलिमीटर खाली नेली की क्षितिज नेमके वरच्या कडेला जाऊन भिडते आणि सगळी चौकट कौलांना मिळते, तरीही प्रत्येक भिंत ओळंब्यात राहते. उभ्या चौकटीची उंची ३६ मिलिमीटर असल्यामुळे तेवढ्याच सरकण्याने वर एक षष्ठांश आकाश उरते. डोंगराला आणि धुराला तेवढी जागा पुरते. मी आठवडाभर बहुतेक वेळ ९ ते ११ मिलिमीटरच्या दरम्यान काम केले. शेवटच्या एक-दोन मिलिमीटरांत कोपरे थोडे अंधारतात आणि मऊ पडतात, म्हणून लेन्सचे छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावे. त्या मापाला कोपऱ्यातल्या कौलाची कडसुद्धा वाचता येईल इतकी स्पष्ट उतरते.

ते कौल जवळून पाहण्यासारखे आहे. स्पॅनिशमध्ये त्याला तेहा म्हणतात, आणि ते आपल्या नळीच्या कौलाचे सख्खे भावंड शोभेल असे आहे. अर्धी नळी उताणी ठेवून तिची पन्हळ करायची आणि दोन पन्हळींच्या सांध्यावर दुसरी अर्धी नळी पालथी घालायची, ही रचना दोन्हीकडे सारखीच आहे. मंगलोरी कौल येण्याआधी नाशकातले कौलारू वाडे याच पद्धतीने शाकारले जात, आणि आजही एखाद्या मागच्या पडवीवर तशा कौलांच्या दोन-चार ओळी सापडतात. फरक वळचणीपाशी दिसला. तिथे शेवटच्या पालथ्या कौलाचे तोंड चुन्याच्या गिलाव्याने बुजवलेले असते, त्यामुळे पहाटेच्या तिरप्या उन्हात छपराच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची रांग उमटते. आमच्या समोरच्या छपरावर पाचव्या रांगेतले एक उताणे कौल फुटलेले होते, त्या फटीत कोणीतरी पत्र्याचा तुकडा खोचला होता, आणि त्या तुकड्याच्या आडोशाला गवताची तीन पाती उगवली होती. ही पाती मी गच्चीवरून पाहिली नव्हती. नाशकात परत आल्यावर मोठ्या छापील प्रतीत मोजली. गच्चीवर उभे असताना मात्र मी भिंगातून डोके काढले ते चर्चच्या घंटेने. "बाबा, ही आपल्या नारोशंकराच्या घंटेची चुलत बहीण," मुलगी म्हणाली. वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांकडून आलेल्या त्या घंटेचा आवाज तिने लहानपणापासून ऐकलेला आहे, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश यांचे नाते पाहता तिने लावलेले नाते बरोबर होते.

लेन्सचे गुण एवढे सांगितल्यावर तिची मोठी उणीवही सांगितली पाहिजे. गावाच्या दक्षिणेला अगुआ हा ३,७६० मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे आणि गाव स्वतः सुमारे १,५३० मीटरवर आहे. डोळ्यांना तो डोंगर छपरांवर ओणवा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा माथा गावापासून सुमारे १० किलोमीटर दूर आहे, आणि २४ मिलिमीटरची लेन्स त्याला सेन्सरच्या २४ मिलिमीटर उंचीपैकी जेमतेम ५ मिलिमीटर देते. उत्तरेकडच्या सेर्रो दे ला क्रूस या टेकडीवरून सगळे गाव आणि मागे अगुआ असे प्रसिद्ध दृश्य दिसते. तिथे ही लेन्स निव्वळ ओझे ठरली. पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवरून नाशिक शहराचा फोटो मोबाइलच्या रुंद लेन्सने काढला की काय हाती लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको. छपरे आणि डोंगर एकमेकांजवळ खेचून दाखवायचे असतील तर ७०-२०० मिलिमीटरची झूम लेन्सच हवी, आणि माझे त्या टेकडीवरचे सर्व बरे फोटो मुलीच्या झूम लेन्सने काढलेले आहेत. हे मी तिला अजून पूर्णपणे कबूल केलेले नाही.

प्रकाशाबद्दल एक सूचना, कारण तिचा लेन्सच्या वापराशी थेट संबंध आहे. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, अगुआही दक्षिणेलाच आहे, त्यामुळे नऊ-दहानंतर डोंगर फिका पडतो, त्यावर बहुधा ढग चढतात आणि कौलांच्या पन्हळींतल्या सावल्या नाहीशा होऊन छपरे सपाट दिसू लागतात. सूर्योदयानंतरचा तासभर सर्वांत चांगला असतो. तेव्हा आग्नेयेकडून येणारे ऊन कौलांवरून सरपटत जाते आणि प्रत्येक रांगेला उठाव येतो. नैर्ऋत्येला फुएगो हा जागृत ज्वालामुखी आहे. मी होतो त्या दिवसांत तो थोड्या थोड्या वेळाने धुराचा लोट सोडत होता. आता या तासाभरात ट्रायपॉड पातळीत बसवणे, लेन्स सरकवणे, पडद्यावर चित्र मोठे करून हाताने फोकस करणे आणि लेन्स जागी धरणाऱ्या कड्या घट्ट करणे एवढे सगळे प्रत्येक फोटोसाठी करावे लागते. मला एका चौकटीला सरासरी चार-पाच मिनिटे लागली. सहलीला बरोबर आलेली माणसे तेवढा वेळ थांबतील की नाही, याचा विचार लेन्स घेण्याआधी करावा.

कलण्याच्या सोयीबद्दल मी थोडक्यात लिहितो. तिचा उपयोग बहुतेक लोक गाव खेळण्यातले वाटावे म्हणून करतात, आणि ला मर्सेदच्या पडक्या मठाच्या वरच्या मजल्यावरून मीही तसे दोन फोटो काढले. तिसरा काढावासा वाटला नाही. गंभीर उपयोग वेगळा आहे. कॅमेऱ्यापासून दीड मीटर खाली कौले सपाट पसरलेली असतील, तर लेन्स साधारण १ अंश खाली कलवली की पायाखालच्या कौलापासून दूरच्या आढ्यापर्यंत सगळे एकाच फोकसमध्ये येते. साडेआठ अंशांतला एकच अंश कामाचा, बाकीचे विसरून जावेत. दुसऱ्या आवृत्तीत कलण्याची आणि सरकण्याची दिशा एकमेकींच्या संदर्भात हव्या तशा फिरवता येतात, हे तिचे पहिल्या आवृत्तीवरचे मोठे वर्चस्व आहे, कारण छपरांसाठी दोन्ही हालचाली एकाच दिशेने लागतात.

रुंद चित्र हवे असेल तर कॅमेरा उभा बसवून लेन्स डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सरकवत तीन फोटो काढून जोडता येतात. मिळणारे चित्र ४८ बाय ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर काढल्यासारखे असते. जोडणी जवळजवळ आपोआप होते. मात्र लेन्स सरकते म्हणजे पाहण्याची जागाही थोडी सरकते, त्यामुळे अगदी जवळची वस्तू नीट जुळत नाही. माझ्या सर्वांत आवडत्या चित्रात कठड्यावरच्या जेरेनियमच्या कुंडीला दुहेरी कडा आल्या आहेत.

लेन्स जुनी घेणार असाल तर माझी फसगत लक्षात ठेवावी. विक्रेत्याने ती मला टेबलावर आडवी ठेवून दाखवली आणि मीही तशीच पाहिली. घरी आणून ट्रायपॉडवर चढवल्यावर लक्षात आले, की आधीच्या मालकाच्या आडदांड वापराने सरकण्याची कडी झिजलेली होती आणि पूर्ण आवळली तरी लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरत होती. दोन सेकंदांच्या उघडझापीत नारोशंकराचे शिखर पुसट होऊन आले तेव्हा मी आधी वाऱ्याला दोष दिला. विक्रेत्याने हात वर केले. दुरुस्तीला दीड महिना आणि वेगळे पैसे लागले. म्हणून विकत घेताना लेन्स कॅमेऱ्यावर चढवावी, पूर्ण वर सरकवून कडी आवळावी, पाच मिनिटे तशीच ठेवावी आणि पट्टीवरचा आकडा पुन्हा वाचावा.

लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कललेल्या रेषा सरळ करता येत असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइलवर किंवा लहान छपाईत पाहायचे असेल, तर तो खटाटोप करू नये असेच मी सांगेन. सॉफ्टवेअर चित्राची एक बाजू ताणते आणि कडा कापते. कॅमेरा फार वाकवलेला असेल तर ताणलेल्या बाजूची कौले लांबोडकी होतात आणि त्यांतली बारकाई विरघळते. ए-२ आकाराच्या छपाईत हा फरक हातभर अंतरावरून दिसतो, आणि मोजमापाच्या कामात तर तो चालतच नाही. नव्या लेन्सच्या किमतीत चांगली मोटारसायकल येते, तेव्हा हे काम रोजचे नसेल त्यांनी सहलीपुरती भाड्याने घ्यावी. फक्त निघण्याआधी दोन दिवस घरच्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या छपरावर हात बसवून घ्यावा.

परत आल्यावर तिवंध्याजवळच्या एका वाड्याचे काम आले तेव्हा मी प्रथमच समोरच्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि लेन्स ११ मिलिमीटर खाली सरकवली. आढे, मागच्या पडवीवरच्या नळीच्या कौलांच्या चार ओळी, आणि गळती थांबवण्यासाठी पसरलेला निवडणुकीतला जुना फ्लेक्स, त्यावरचे कोणा उमेदवाराचे जोडलेले हात, असे सगळे एका चौकटीत सरळ आले. वाड्याच्या मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या आहेत. त्यांनी आपल्या घराचे छप्पर वरून कधी पाहिलेले नव्हते. मी छापील प्रत दिली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, "अहो, पेन द्या जरा." पावसाळ्यात जिथे जिथे खाली पातेली ठेवावी लागतात त्या तीन जागांवर त्यांनी फुल्या मारल्या. चौथी जागा फोटोत सापडली नाही. ती शेजाऱ्यांच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीमागे गेली होती.